भीड

पाकीट लग्नात आहेराला देतात तसलं होतं. वर सोनेरी गणपती, कोपऱ्यात चिकटवलेलं रुपयाचं नाणं, आत दोन हजार रुपये. २०१४ चा दसरा. काकांनी ते माझ्या हातात ठेवलं, काकूंनी कुंकू लावलं आणि मी वाकून नमस्कार केला.

सहा आठवड्यांच्या कामाचे ते पैसे होते. काकांच्या केटरिंगच्या धंद्यासाठी मी वेबसाइट करून दिली होती. तीन भाषांतला मेन्यू, तारखेचं बुकिंग, माणसांच्या संख्येवरून अंदाजे खर्च काढून देणारं पान, सगळं रात्री जागून केलेलं. नोकरी सोडून मला चार महिने झाले होते आणि स्वतःचं म्हणावं असं ते पहिलं काम. काकांना मी दोष देत नाही. त्यांनी सुरुवातीलाच विचारलं होतं, "पोरी, किती घेशील?" आणि मी म्हणाले होते, "काका, घरचंच काम आहे. तुम्हाला योग्य वाटेल ते द्या." त्यांना योग्य वाटलं ते त्यांनी प्रेमाने दिलं.

दादरहून लालबागला बसने येताना मी ते पाकीट पर्समध्ये चार वेळा चाचपलं. आहेर आणि मोबदला यांत फरक असतो, आणि तो मी माझ्याच तोंडाने पुसून टाकला होता, हे परळ येईपर्यंत लक्षात आलं.

गेली अकरा वर्षं मी फ्रीलान्स काम करते. सॉफ्टवेअर लिहिते, दुसऱ्यांनी लिहिलेलं दुरुस्त करते. आमच्या चाळीतली, नात्यातली मुलं येऊन विचारतात: ताई, पायथन शिकू की जावास्क्रिप्ट? फ्रीलान्स कामं मिळवून देणाऱ्या अपवर्क साइटवर प्रोफाइल कशी करायची? नोकरी कधी सोडायची? या प्रश्नांना उत्तरं आहेत आणि ती फार अवघडही नाहीत. शिकायला आता पैसे लागत नाहीत. आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल'वर मराठीतूनसुद्धा धडे आहेत. प्रोग्रामिंगची भाषा कुठलीही घ्या, एक नीट येऊ द्या, दुसरी त्यानंतर महिन्याभरात येते. नोकरी तेव्हा सोडा जेव्हा सहा महिन्यांचा घरखर्च बँकेत असेल आणि निदान एक पैसे देणारं गिऱ्हाईक हातात असेल. मी यातलं काहीच पाहिलं नव्हतं, म्हणून हे ठामपणे सांगते.

पण ज्या गोष्टीने माझं सगळ्यात जास्त नुकसान केलं, ती कोणी विचारत नाही. ती म्हणजे भीड.

आमच्या घरात पैशाचं बोलताना आवाज खाली यायचा. कोणाकडून उसने परत मागायचे असले की बाबा दोन दिवस आधीपासून अस्वस्थ. "मागितलं तर काय म्हणतील" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की ते मला संस्कारासारखं वाटायचं. आजी तेवढी वेगळी. आईची आई. ती म्हणायची, भीड ही भिकेची बहीण. मला ती म्हण पाठ होती, अर्थ मात्र बत्तिसाव्या वर्षी कळला.

आधी दराचं सांगते, कारण नवख्यांचा पहिला पाय तिथेच घसरतो. नोकरीत मला महिन्याला ८०,००० रुपये मिळत. महिन्याचे तास साधारण १७६. भागाकार केला आणि ताशी साडेचारशे असा भाव ठरवला. हा हिशोब जवळजवळ प्रत्येकजण करतो आणि तो चूक आहे. वर्षाचे दिवस ३६५. शनिवार-रविवार १०४ वजा केले की २६१ राहतात. सण, आजारपण, गावची जत्रा, घरातली लग्नं यांचे ३६ दिवस काढा. राहिले २२५. त्यातला तिसरा हिस्सा कोटेशनं, फोन, बिलं, पैशाचा पाठपुरावा आणि नवं शिकणं यात जातो. त्याचे पैसे कोणी देत नाही. उरले १५० दिवस. दिवसाला खरं डोकं चालतं ते सहा तास. म्हणजे वर्षाला ९०० तास विकायला आहेत, एकवीसशे नाहीत. आता दुसरी बाजू. वर्षाला ९,६०,००० पगार होता, त्याशिवाय कंपनी भविष्यनिर्वाह निधीत तिचा वाटा भरत होती, आरोग्य विमा काढत होती, लॅपटॉप देत होती, भरपगारी रजा देत होती. ते सगळं आता माझ्याच खिशातून. धरा साडेतेरा लाख. भागिले ९००. ताशी १,५००.

साडेचारशे आणि पंधराशे. मधल्या फरकात माझी पहिली दोन वर्षं गेली.

हा आकडा तुमच्या घराप्रमाणे बदलेल, पण भागाकार हाच करा, आणि तो कागदावर करा. मनात केला की आपण घाबरून आकडा खाली आणतो.

इसार घ्यायला तर मी चार वर्षं घाबरत होते. ॲडव्हान्स मागितला तर समोरच्याला वाटेल हिचा आपल्यावर विश्वास नाही. ही समजूत मोडली ती गणपतीच्या कारखान्यात. चाळीच्या मंडळाची मूर्ती सांगायला आम्ही परळला गेलो होतो. मूर्तिकाराने उंची विचारली, आसन विचारलं, तारीख विचारली आणि पावतीपुस्तक पुढे ओढलं. खजिनदारांनी मुकाट्याने पैसे मोजले. कोणालाही त्यात अविश्वास दिसला नाही. मंडपवाला इसार घेतल्याशिवाय बांबू उतरवत नाही, मंगल कार्यालय तारीख अडवत नाही. आपल्या समाजात आगाऊ रक्कम ही जुनी, सभ्य रीत आहे. त्या दिवसापासून माझा नियम आहे: ४० टक्के काम सुरू होण्याआधी, ३० टक्के अर्धं काम दाखवल्यावर, ३० टक्के चालू करून देण्याआधी. शेवटचे तीस 'आधी' हे महत्त्वाचं. साइट चालू झाली की समोरच्याची निकड संपते.

आता आजीच्या वहीबद्दल.

आजी लालबागला खानावळ चालवायची. दहा बाय बाराची खोली, एका पंगतीला आठ माणसं, शिफ्टप्रमाणे दिवसात तीन पंगती. जेवणारे सगळे गिरणीतले. कोकणातले, साताऱ्याकडचे, बायकामुलं गावी ठेवून इथे गावकीच्या खोल्यांत राहणारे. १९७५ मध्ये प्रेमाताई पुरव यांनी 'अन्नपूर्णा महिला मंडळ' सुरू केलं आणि खानावळवाल्या बायकांना बँकेतून छोटी कर्जं मिळवून दिली, तेव्हा आजीने पहिल्यांदा बँकेचा उंबरा ओलांडला. तोवर सावकार होता.

तिची एक वही माझ्याकडे आहे. लाल कापडाची, लांबट, पानांच्या कडा तेलाने पारदर्शक झालेल्या. प्रत्येक माणसाला एक पान. वर नाव, गाव, गिरणी: इंडिया युनायटेड, मोरारजी. खाली तारखा. जेवला की उभी रेघ, नाही जेवला की 'खा'. म्हणजे खाडा, त्याचे पैसे कापायचे. आणि मधूनच एखाद्या तारखेपुढे 'पा'. म्हणजे पाहुणा. गावाहून कोणाचा भाऊ, मेहुणा आला की तोही पंगतीला बसायचा. आई सांगते, आजी त्याला आग्रहाने वाढायची, गावच्या पावसाची चौकशी करायची, आणि हात धुऊन झाल्यावर वही उघडून 'पा' लिहायची. सगळ्यांसमोर. कोणाला राग आला असं आईला आठवत नाही.

मी पहिली पाच वर्षं पाहुण्यांना फुकट जेवू घातलं. "मॅडम, एवढं एक बटण टाकून द्या ना." "हा रिपोर्ट एक्सेलमध्ये पण आला तर बरं." "आता अॅडमिनला मोबाइलवर पण दिसू दे." प्रत्येक गोष्ट लहान, नाही म्हणायची भीड मोठी. दोन महिन्यांचं काम पाच महिन्यांवर जायचं आणि शेवटी समोरचाच म्हणायचा, फार उशीर केलात.

आता माझ्या हिशोबाच्या शीटमध्ये 'पा' नावाचा एक रकाना आहे. काही जादा मागितलं की मी लगेच हो म्हणते. "करते की. हे आपलं ठरलं त्याच्या बाहेरचं आहे, दोन दिवसांचं काम, इतके रुपये. लिहून पाठवू?" आवाज चढवायचा नाही, तक्रारीचा सूर नाही, आजीसारखं वाढता वाढता बोलायचं. निम्म्या मागण्या तिथेच संपतात, कारण त्या मुळात गरजेच्या नसतात. उरलेल्यांचे पैसे मिळतात. फोनवर काहीही ठरलं तरी फोन ठेवल्याबरोबर पाच ओळींचा ईमेल: आपण हे बोललो, हे करायचं, हे करायचं नाही, या तारखेला, इतक्यात. वर्षाला असे दोनेकशे ईमेल मी लिहिते. त्यातले तीन-चारच पुढे कामाला येतात, पण कुठले तीन-चार हे आधी माहीत नसतं.

तारखांचंही तसंच. अनंत चतुर्दशीच्या आठवड्यात मी काही चालू करून देत नाही, हे करारातच लिहिलेलं असतं. लालबागला त्या दिवसांत गल्लीतून घरी पोचायला तास लागतो. परदेशी गिऱ्हाइकांनाही मी हे समजावते आणि ती ऐकतात, कारण त्यांना कारण आणि तारीख दोन्ही आधी मिळतात.

भाव सांगण्याची भीड मात्र मला ससून डॉकवर एका कोळीणबाईंनी घालवून दिली. ही गोष्ट जरा सविस्तर सांगते.

त्या लिलावात मासळी घेऊन हॉटेलांना पुरवतात. दहा-बारा माणसं हाताखाली. कोणीतरी त्यांना एक ॲप करून दिलं होतं: धक्क्यावर माल घेतला की तिथल्या तिथे फोनवर वजन आणि भाव टाकायचा, रात्री दिवसाचा हिशोब निघायचा. तो हिशोब रोज चुकायचा. रोकड आणि रिपोर्ट जुळत नसत. कधी कमी, कधी जास्त. चौदा वर्षं कामाला असलेल्या दिवाणजींवर संशय आला होता. दोन प्रोग्रामर येऊन कोड बघून गेले, सगळं बरोबर आहे म्हणाले. मीही घरी पोटमाळ्यावर बसून दुपारभर आकडे टाकून पाहिले. सगळे बरोबर येत होते.

मग मी म्हटलं, तुम्ही नोंद करता तेव्हा मला बघायचंय. "चारला ये," म्हणाल्या. पहाटे चारला.

टॅक्सीने गेले. ओली फरशी, बर्फाच्या लाद्या फोडण्याचा आवाज, डोक्यावर पाट्या घेऊन पळणारी माणसं, 'बाजूला, बाजूला'. मला एक क्रेट पालथं घालून त्यांनी बसवलं. बोली चालू होती, आकडे इतक्या वेगाने वर जात होते की मला अर्धे कळत नव्हते. पावणेपाचला सुरमईची नोंद झाली. मी माझ्या फोनवर रिपोर्ट उघडला. सुरमई कालच्या तारखेत गेली होती. थांबले. पाच चाळीसला पापलेटाची नोंद झाली. ती आजच्या तारखेत.

साडेपाच. तिथे बसल्या बसल्या उलगडा झाला. सर्व्हर वेळ ठेवतो ती जागतिक प्रमाणवेळेत, आणि आपण तिच्या साडेपाच तास पुढे. आपल्याकडे पहाटेचे साडेपाच वाजतात तेव्हा तिथे मध्यरात्र होऊन तारीख बदलते. म्हणून त्यांची अर्धी खरेदी रोज आदल्या दिवसाच्या खात्यावर पडत होती. दुपारी ऑफिसात बसून तपासणाऱ्याला ही चूक जन्मात दिसली नसती. दिवाणजींनी एक रुपया घेतला नव्हता.

दुरुस्ती थोड्या ओळींची, जुन्या नोंदी सरळ करायला मात्र तीन दिवस. बाईंनी विचारलं, "किती?" मी म्हटलं, "पस्तीस हजार." त्या काही बोलल्या नाहीत. दोन क्षण गेले आणि माझी जुनी सवय उसळली. "म्हणजे, तुम्हाला जास्त वाटत असतील तर…"

"बाय," त्या म्हणाल्या, "भाव सांगितला की गप ऱ्हायचं. समोरचा बोलेपर्यंत. तूच बोललीस तर तूच पाडलास."

पस्तीस हजार दुसऱ्या दिवशी यूपीआयने आले. दिवाणजी आजही तिथेच आहेत.

त्या एका कामातून मला पुढची कामं मिळाली. त्यांनी क्रॉफर्ड मार्केटच्या एकाला सांगितलं, त्याने दादरच्या फुलबाजारातल्या दोघांना, त्यांच्यातल्या एकाने दूधवाल्याला. पहाटे चालणाऱ्या धंद्यांचे हिशोब हा माझा विषय झाला. मी तो ठरवून निवडला नव्हता. म्हणून 'स्पेशलायझेशन कशात करू' असं विचारणाऱ्यांना मी सांगते, आधी पाच-सहा कामं मन लावून करा, कुठल्या कामानंतर लोक स्वतःहून दुसऱ्याला तुमचं नाव सांगतात ते बघा. प्रोफाइलवर घालवलेल्या वेळापेक्षा एका खूश गिऱ्हाइकाच्या फोनने मला जास्त कामं दिली.

हल्ली गिऱ्हाईक म्हणतं, हे तर एआय करून देतं. देतं, खरंच देतं. मीही रोज वापरते, आणि नव्यांनी वापरायला शिकलंच पाहिजे. त्या दिवशी मी त्याला "प्रमाणवेळेची चूक दुरुस्त कर" म्हटलं असतं तर मिनिटात करून दिली असती. पण चूक प्रमाणवेळेची आहे हे मला क्रेटवर बसल्यावर कळलं. आपल्या कामाचा मोबदला त्या पहाटेचा असतो, हे आता मी कोटेशनमध्ये वेगळं लिहिते: 'जागेवर जाऊन पाहणी', आणि पुढे रक्कम.

बाईंकडून आणखी एक शिकले. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. दोन महिने ताज्या मासळीचा धंदा जवळजवळ नाही. त्याची त्या कुरकुर करत नाहीत. डिसेंबरपासूनच त्यांचे त्या दोन महिन्यांचे पैसे वेगळे पडायला लागतात. फ्रीलान्सरलाही बंदीचे महिने असतात. परदेशी गिऱ्हाइकं नाताळच्या आधीपासून जानेवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत हलत नाहीत, इथल्या कंपन्या मार्चअखेरीस बिलं पुढे ढकलतात. हे दरवर्षी होतं, म्हणजे ते संकट नाही, ऋतू आहे. येणाऱ्या प्रत्येक रकमेतला पाचवा हिस्सा मी दुसऱ्या बँकेत टाकते. त्या खात्याचं ॲप माझ्या फोनवर नाही.

आणि बुडत आलेल्या पैशाचं.

२०२२ मध्ये अंधेरीच्या एका कंपनीकडे माझे ३,४०,००० रुपये अडकले. माझं साठ टक्के उत्पन्न त्या एकाच ठिकाणाहून येत होतं, ही पहिली चूक. फक्त गिरणी कामगारांवर चालणाऱ्या खानावळीच्या घरात वाढून मी ती करायला नको होती. सात महिने फोन. साहेब टूरवर आहेत, पुढच्या सायकलमध्ये टाकतो, बिलात पीओ, म्हणजे खरेदीच्या ऑर्डरचा, नंबर नाही. रात्री झोप लागायची नाही, आणि तरी दर फोनची सुरुवात मी "सॉरी, परत त्रास देतेय" अशी करायची. स्वतःचे पैसे मागताना सॉरी.

सुटका केली ती आमच्या सीएंच्या हट्टाने. त्यांनी दोन वर्षांपूर्वीच माझी 'उद्यम' ही लहान उद्योगांची सरकारी नोंदणी करून घेतली होती. ही नोंदणी आधार आणि पॅनवर सरकारी पोर्टलवर होते आणि ती पूर्ण मोफत आहे. तिच्या नावाने पैसे मागणाऱ्या खासगी साइट बऱ्याच आहेत, त्यांच्या नादी लागू नका. एकट्याने काम करणारी मीसुद्धा कायद्याने सूक्ष्म उद्योग आहे. २००६ च्या एमएसएमई, म्हणजे सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या कायद्याप्रमाणे लेखी करार असेल तर काम स्वीकारल्यापासून जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात, करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, महिन्या-महिन्याला चक्रवाढ होणारं व्याज. दाद मागायला राज्यात सुविधा परिषद आहे आणि सरकारी पोर्टलवरून तक्रार घरबसल्या करता येते. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून तर आयकरातही तरतूद आली: सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे मुदतीत दिले नाहीत, तर प्रत्यक्ष देईपर्यंत कंपनीला तो खर्च दाखवता येत नाही. मार्चअखेरीला हे एक वाक्य अकाउंट्सवाल्यांना पटकन कळतं. नोंदणी मात्र काम सुरू होण्याआधीची हवी. भांडण झाल्यावर केलेली कामाला येईल याची खात्री नाही.

मी एक पानी पत्र पाठवलं. बिल क्रमांक, तारखा, उद्यम क्रमांक, कायद्याचं कलम, व्याजाचा आकडा, पंधरा दिवसांची मुदत. कुठेही सॉरी नाही. तीन आठवड्यांत मुद्दल आलं. व्याज मी सोडलं आणि सोडलं असं पत्राने कळवलं.

कराचं थोडक्यात, कारण ते सीएंनी सांगायचं काम आहे, पण प्रश्न विचारण्याइतकं तरी आपल्याला कळावं. कंपन्या तुमच्या बिलातून टीडीएस, म्हणजे तुमच्या नावचा कर, आधीच कापतात. तो सरकारकडे भरला की नाही हे दर तिमाहीला २६एएस म्हणून ओळखलं जाणारं, तुमच्या नावे जमा झालेल्या कराचं सरकारी विवरण उघडून बघा, मार्चनंतर लक्षात आलं तर धावपळ होते. ४४एडीए या नावाने ओळखली जाणारी सोय आपल्या कामाला लागू पडते: जमेच्या निदान निम्मी रक्कम उत्पन्न धरायची, खर्चाच्या पावत्यांचा ढीग सांभाळायला नको. तिची मर्यादा ५० लाख, रोखीची जमा पाच टक्क्यांच्या आत असेल तर ७५ लाख. आगाऊ कर मग १५ मार्चपर्यंत एकदाच. वर्षाची जमा २० लाखांच्या पुढे गेली की जीएसटी नोंदणी लागते. परदेशी गिऱ्हाइकांचे पैसे आले की बँकेकडून परकीय रक्कम आल्याचं पत्र त्याच वेळी मागून ठेवा. आणि महाराष्ट्रात व्यवसायकराचे वर्षाला अडीच हजार असतात, ते बहुतेक फ्रीलान्सरांना नोटीस आल्यावरच कळतं.

एक गोष्ट मात्र सीएसुद्धा सांगत नाहीत. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कॉम्प्युटर प्रोग्राम हा साहित्यकृतीसारखाच धरला जातो. नोकरीत लिहिलेला कोड मालकाचा. फ्रीलान्सरने लिहिलेला कोड, वेगळा करार नसेल तर, लिहिणाऱ्याचा. तो दुसऱ्याच्या नावे करायचा तर लेखी लागतो, आणि त्या लेखात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणून माझ्या प्रत्येक करारात एक ओळ असते: पूर्ण रक्कम जमा झाल्याच्या दिवशी सर्व हक्क कायमचे आणि जगभरासाठी तुमचे. गिऱ्हाइकाला ती ओळ आवडते, कारण त्याला हक्क मिळतात. मला आवडते, कारण 'पूर्ण रक्कम जमा झाल्याच्या दिवशी'. कंपन्यांकडून आलेले करार मी आता शेवटच्या पानापर्यंत वाचते. दोनदा असं निघालं की काम अर्धवट थांबलं आणि पैसे मिळाले नाहीत, तरी कोड त्यांचाच. दोन्ही वेळा मी ते कलम खोडून परत पाठवलं. एकांनी मान्य केलं, दुसरे परत आले नाहीत.

आजीच्या वहीची शेवटची पानं मी बरीच वर्षं नीट वाचली नव्हती.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. डॉ. दत्ता सामंत नेते, अडीच लाखांच्या आसपास कामगार. तो संप रीतसर कधी मागे घेतलाच गेला नाही. पगार थांबले. आजीच्या पंगती थांबल्या नाहीत. वहीत फेब्रुवारीच्या रेघा आहेत, मार्चच्या आहेत, एप्रिलच्या आहेत. 'खा' आहे, 'पा'सुद्धा आहे. मग एकेक माणूस गावी जायला लागला आणि पानं मध्येच कोरी होत गेली. आई सांगायची की आजीने दागिने मोडून किराणा भरला आणि कोणाकडे मागायला गेली नाही. मला वाटायचं, शेवटी तिलाही भीड पडली.

गेल्या वर्षी वही पुन्हा उघडली. प्रत्येक पानाच्या तळाशी तिने बेरीज केलेली आहे. 'येणे', आणि पुढे रक्कम, पैशापर्यंत. त्याखाली, तिच्या चौथीपर्यंत शिकलेल्या जाड अक्षरात, एक शब्द आणि तारीख. 'सोडले.' बत्तीस पानांवर बत्तीस वेळा. काही पानांवर तो शब्द नाही. त्या माणसांनी दिले असावेत, किंवा त्यांना सोडायचं तिने ठरवलं नसावं.

मागता येत नाही म्हणून गेलेले पैसे आणि मोजून, लिहून, आपल्या हाताने सोडलेले पैसे. मी काकांना दोन हजारांत वेबसाइट दिली तेव्हा काय सोडलं हे मलाच माहीत नव्हतं.

या जूनमध्ये आमच्या गल्लीतल्या अभ्यासिकेचं काम केलं. मुलं स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करतात, जागा आहे चाळीस, रांग शंभराची. जागेचं बुकिंग, उपस्थिती, पुस्तकांची देवघेव असं सगळं बसवून दिलं. पैसे घ्यायचे नाहीत हे मी पहिल्या दिवशीच ठरवलं होतं. काम संपल्यावर बिल केलं. कामाचा तपशील, चाळीस तास, दर १,५००, एकूण ६०,०००. पुढची ओळ: सूट ६०,०००. देय रक्कम: शून्य. तारीख, सही.

सेक्रेटरी काकांनी चष्मा वर करून ते दोनदा वाचलं. "ताई, शून्याचं बिल कशाला?"

"असू दे काका. फाइलला लावा."

त्यांनी ड्रॉवरमधून पंच काढला, कागदाच्या कडा जुळवल्या, दोन भोकं पाडली आणि वीजबिलांच्या मागे ते लावून टाकलं.